बंगल्यातलं पोर आणि आमचा जिल्हा

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. बाबांचा छापखाना होता, तालुक्याच्या गावात असतो तसा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांच्या उद्घाटनाची निमंत्रणं यांवर पोट चालायचं, आणि उरलेल्या कागदावर बाबा पत्रकं छापायचे. हुंड्याविरुद्ध, भानामतीविरुद्ध, टँकरच्या पाण्यात हात मारणाऱ्यांविरुद्ध. ती गुलाबी-पिवळी पत्रकं मग फडताळात अंथरली जायची, माझ्या वह्यांना कव्हर म्हणून चढायची, डब्यातल्या चटणीखाली जायची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. शाळेत 'अ' अननसाचा होता. आमच्याकडे अननस कुणी पाहिला नव्हता, अन्याय मात्र सगळ्यांनी पाहिला होता, म्हणून घरी 'अ' अन्यायाचा.

बाबांचं सगळ्यात लाडकं पत्रक एकाच मागणीचं होतं: आमच्या गावाला जिल्हा करा. आम्ही लातूर जिल्ह्याच्या टोकाला, नांदेडच्या शिवेला लागून. लातूरला आम्ही आठवत नव्हतो आणि नांदेडला आम्ही त्यांचे नव्हतो. सातबाऱ्यातली एक चूक दुरुस्त करायची तर माणसाचा दिवस एस.टी.त जायचा. बाबांच्या तरुणपणी लातूर स्वतःच उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं होतं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. त्यामुळे जिल्हा ही वस्तू मागितली की मिळते, असा त्यांचा समज कायमचा होऊन बसला. नव्या जिल्ह्याचा नकाशाही त्यांनी छापला होता. त्यात रेणापूर घेतलं होतं, कंधार घेतलं होतं, नायगावही घेतलं होतं. रेणापूरवाले म्हणाले, लातूर आम्हाला अंगणात आहे, तुमच्याकडे कशाला येऊ. कंधारवाले म्हणाले, किल्ला आमच्याकडं हाय, मग जिल्ह्याचं ठाणं बी आमच्याकडंच पाहिजे. नायगावने काही उत्तर दिलं नाही. बाबांनी नकाशा बदलला नाही.

लातूरला रेल्वेने पाणी आणलं, तो हा उन्हाळा. आमच्या गावात रेल्वे नव्हती, म्हणून पाणीही आलं नाही. टँकर यायचा, पण कधी येईल ते टँकरलाच माहीत. त्या उन्हाळ्यात पुन्हा नव्या जिल्ह्यांची चर्चा उठली आणि बाबा तहसील कचेरीसमोर मंडप टाकून साखळी उपोषणाला बसले. जिल्हा कमिटीत नावं बरीच होती, पण साखळीत कड्या तीनच होत्या: बाबा, एक निवृत्त गुरुजी आणि एक माजी सरपंच. घोषणा द्यायला मी. तेव्हा मी कॉलेजात होते आणि माझा आवाज साऱ्या गावाला ऐकू जातो, अशी माझी खात्री होती. मंडपासमोरून माणसं डोक्यावर घागरी घेऊन जायची, आमच्याकडे बघायची आणि पुढे जायची. मला त्यांचा राग यायचा. रिकामी घागर घेतलेल्या माणसाने जिल्हा मागावा असं मला वाटायचं. त्याला वाटायचं घागर भरावी.

मग मंडपात टीव्ही आला.

तो आणला मंडपवाल्याने. खुर्च्या त्याच्या, ताडपत्री त्याची, इन्व्हर्टर त्याचा. राखणीला संध्याकाळी त्यालाच बसावं लागायचं, आणि त्याच वेळेला एक मालिका लागायची जी तो चुकवायला तयार नव्हता. बाबा म्हणाले, आण, बातम्या बघता येतील. बातम्या एकदाही कुणी बघितल्या नाहीत.

मालिका भुताची होती. कुठल्याशा डोंगरावर साहेबाच्या काळातला एक बंगला, त्यात एक श्रीमंत घराणं, आणि बंगल्याच्या तळघरात एक विहीर. पूर्वी कधी तरी त्या घराण्यातल्या एकाने एका बाईला त्या विहिरीत ढकललं होतं आणि तिने बुडता बुडता शाप दिला होता की दर पिढीतलं थोरलं लेकरू आठव्या वाढदिवसाला माझ्याकडे येईल. या पिढीतलं लेकरू म्हणजे एक कुरळ्या केसांचा, मोठ्या डोळ्यांचा मुलगा. तो रोज मेणबत्ती घेऊन तळघराच्या दारापर्यंत जायचा. विहिरीतून त्याला कुणीतरी हाक मारायचं, आणि तेवढ्यात त्याची आई धावत यायची. त्याचा वाढदिवस जवळ येत होता. तो मरणार हे आईला माहीत होतं, नोकरांना माहीत होतं, बंगल्यातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. फक्त मुलाला माहीत नव्हतं.

आणि तिथे पाऊस पडायचा. प्रत्येक भागात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. भुताला पाऊस लागतो असं त्या मालिकावाल्यांचं मत असावं.

गाव मालिका बघायला येत होतं की पाऊस बघायला, हे मला अजून सांगता येणार नाही. पहिल्या दिवशी मंडपवाला आणि त्याचा मेहुणा होते. आठवड्याभरात खुर्च्या पुरेनात. बंगल्याच्या पन्हाळीतून पाणी बदाबदा पडायला लागलं की मागच्या बाया एकमेकींना म्हणायच्या, खाली एक बादली तरी लावा की गं कुणीतरी. एकदा माजी सरपंच न राहवून बोलले.

"घरात बारमाही विहीर हाय, आन् पोरगं मरतंय म्हणून रडून राहिले. आपल्या इथं असती तर पडून नुसता पाय मोडला असता."

"म्हणून तर आपल्याकडं शाप लागत न्हाई, तात्या," मागून एकजण म्हणाला. "त्याला बी पाणी लागतं."

मी बाबांशी भांडले. म्हणाले, आयुष्यभर भानामतीविरुद्ध पत्रकं छापलीत आणि आता भूत मंडपात आणून बसवलंत. बाबांनी शांतपणे गर्दीकडे बोट दाखवलं. मालिका संपली की ते उठून दहा मिनिटं जिल्ह्यावर बोलायचे, आणि माणसं डोळे पुसत पुसत ऐकायची. त्यांचे डोळे त्या मुलासाठी पाणावलेले असायचे, पण व्यासपीठावरून ते जिल्ह्यासाठीच वाटायचे. पहिल्यांदाच बाबांसमोर ओल्या डोळ्यांची सभा होती. तिचा मोह त्यांना पडला, हे मला दिसत होतं.

त्या सभेच्या मधोमध काकू बसायच्या. काकू म्हणजे आमच्या शेजारच्या, भुसार-किराण्याचं मोठं दुकान असलेल्या अप्पांच्या पत्नी. अप्पा व्यापारी संघाचे अध्यक्ष, काकू त्या सगळ्या संघाच्या अध्यक्ष. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि बोलणं असं की दुकानातले हमालसुद्धा त्यांच्यासमोर विडी लपवायचे. त्यांची मुलं पुण्याला आणि नातवंडं मोबाइलमध्ये होती. बंगल्यातलं पोर मात्र रोज ठरलेल्या वेळी समोर यायचं, म्हणून ते त्यांना नातवंडांपेक्षा भरवशाचं वाटत असावं. ते तळघराकडे निघालं की काकू टीव्हीला सांगायच्या, जाऊ नको रे माझ्या राजा. त्या दिवशी पोर मागे फिरलं की ते आपल्याच सांगण्याने फिरलं, अशा समाधानाने घरी जायच्या.

वाढदिवस आठवड्यावर आला तेव्हा बायकांनी ठरवलं की देव पाण्यात घालायचे. मोठं मागणं असलं की देव्हाऱ्यातले देव पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवायचे आणि काम होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत, ही आमच्याकडची जुनी रीत. देवालाही श्वास कोंडल्याशिवाय जाग येत नाही, असा त्यामागचा हिशेब. अडचण एवढीच होती की गावातले बहुतेक देव पावसासाठी आधीच पाण्यात होते. पाडव्यापासून ते तसेच भांड्यांत पडून होते. मग मंडपात वाद सुरू झाला: एकदा बुडवलेल्या देवाकडे दुसरं मागणं मागता येतं का? एकीचं म्हणणं, देव तोच, पाणी तेच, नुसतं सांगायचं. दुसरीचं म्हणणं, आधी पावसाचं, मग पोराचं. रांग म्हणजे रांग. टँकरच्या नळाखाली रोज भांडणाऱ्या बायका होत्या त्या, रांगेचं त्यांना पक्कं कळत होतं. शेवटी कुणीतरी काकूंना म्हणालं, तुमचा देव अजून मोकळा आहे, तुम्हीच घाला पाण्यात.

काकूंनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "आमचा देव अंगावरून काढत न्हाईत, बाई. त्याला पाण्यात ठेवायचा म्हणजे मलाच हौदात बसावं लागल. आन् हौदात पाणी असतं तर मी इथं कशाला बसले असते?"

मी त्या दिवशी एक पत्रक लिहिलं: देव बुडवू नका, टँकरचा हिशेब मागा. बाबांनी ते छापलं. मंडपातल्या बायांनी त्याने वारा घेतला.

इकडे खरी गोष्ट घडत होती. वरून एक साहेब येणार असल्याचा निरोप आला. नव्या जिल्ह्याच्या मागणीला लोकांचा पाठिंबा किती, ते बघून अहवाल द्यायचा होता. शुक्रवारी दुपारी येतील, असं तहसीलमधून कळलं. बाबांनी साखळी सोडली आणि ते एकटे आमरणला बसले. साहेबांनी जिल्ह्याची शिफारस केल्याशिवाय उठणार नाही, असं त्यांनी मंडपात जाहीर केलं. बाबा काही पैलवान नव्हते. आईने त्यांना फक्त एवढंच विचारलं की मेल्यावर जिल्हा मिळाला तर तुम्हाला त्याचा काय उपयोग. बाबा म्हणाले, तुला होईल की. आई मग दिवसातून चारदा मंडपाशी येऊन त्यांचे ओठ बघून जायची.

बाबांचा हिशेब साधा होता. पोराचा वाढदिवस रविवारी, खास लांबलेल्या भागात येणार होता. म्हणजे शुक्रवारी गावाची घालमेल अगदी शिगेला असेल, साहेबांना संध्याकाळपर्यंत थांबवायचं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मंडप भरून वाहील. या हिशेबाला कुठेच तडा नव्हता. मग मंगळवारी मालिकेच्या शेवटी जाहिरात लागली. मुलाचा चेहरा, विजेचा कडकडाट, आणि एक जाडा आवाज: या गुरुवारी विहीर आपलं घेणार.

मालिकावाल्यांनी वाढदिवस आधी का आणला, ते आजपर्यंत कळलं नाही. बायका पोरासाठी गप्प झाल्या, कमिटी शुक्रवारसाठी.

बुधवारी सकाळी काकू दहा-पंधरा बायका घेऊन बाबांकडे आल्या. त्यांची मागणी अशी की भाऊजी गावासाठी एवढी निवेदनं लिहितात, मग एक या पोरासाठीही लिहावं. बाबा भुकेने पिवळे पडले होते, तरी उठून बसले आणि मला कागद घे म्हणाले. मी कागद घेतला नाही. मी म्हणाले, जे जन्मलंच नाही ते मरणार कसं, आणि त्याच्यासाठी निवेदन कुणाला द्यायचं?

बाबा हळू आवाजात म्हणाले, "ही लोकभावना आहे, बेटा."

"मग सरळ लिहा की बाबा. शुक्रवारपर्यंत जगवा, पुढचं तुमचं तुम्ही बघा."

मग त्यांनी स्वतःच कागद घेतला. त्यांना एकाच पद्धतीचं लिहिता यायचं, म्हणून ते तसंच लिहिलं गेलं: उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की सदर बालकाचा मृत्यू तात्काळ रद्द करण्यात यावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल. वाहिनीचा पत्ता कुणाकडेच नव्हता. आमच्या गावात निवेदन देण्याची जागा एकच, आणि ती मंडपासमोरच होती. बायकांनी ते तहसीलच्या आवक खिडकीवर नेऊन दिलं. मीही मागोमाग गेले, कारकून काय करतो ते बघायला. त्याने ते नीट वाचलं, शाप नेमका कुणी दिला ते विचारलं, थोडा विचार केला, कागद महिला व बालकल्याणच्या गठ्ठ्यात टाकला आणि पोचेचा शिक्का मारून दिला. आम्हाला, जिल्हा मागणाऱ्यांना, पोच मिळवायला तिथे दोन-दोन दिवस बसावं लागायचं. त्याची बायकोही मंडपात येत होती, ते मला नंतर समजलं.

गुरुवारी संध्याकाळी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं तहसीलच्या कंपाउंडवर बसली होती, कडुनिंबावर चढली होती. भाग सुरू झाला. पोराला नवे कपडे घातले होते. पाऊस नेहमीपेक्षा जास्त होता. आई वरच्या खोलीत कोंडली गेली होती आणि पोर मेणबत्ती घेऊन पायऱ्या उतरत होतं. त्याच वेळी रस्त्यावर टँकर येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. माझ्या आयुष्यात त्या हॉर्नला गाव उठलं नाही असं कधी झालं नव्हतं. बाळंतिणी उठायच्या, नमाज आटोपता घेऊन माणसं धावायची. त्या दिवशी कुणी मान वळवली नाही. ड्रायव्हरने परत हॉर्न दिला, मग खाली उतरून बघायला आला, आणि तोही मागे उभं राहून मालिका बघायला लागला. टँकरच्या नळातून पाणी गळत होतं, त्याची धार रस्त्यावर वाहत गेली, तरी कुणी हललं नाही.

काकू म्हणाल्या, "जाऊ नको रे माझ्या राजा." पण या वेळी अगदी हळू.

पोर गेलं. विहिरीच्या पाण्यावर मेणबत्ती तेवढी तरंगत राहिली. जाहिरात लागली, साबणाची. कुणीतरी टीव्ही बंद केला. माणसं उठली आणि घरी गेली. बाबा भाषणासाठी उठून बसले होते, ते तसेच आडवे झाले. बायका जाताना टँकरखाली हंडे लावून पाणी भरून गेल्या, तेही न भांडता. टँकर आल्यापासून गावात तसं कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मंडपात आम्हीच होतो. बाबा, गुरुजी, माजी सरपंच, कमिटीतले दोघे-तिघे, आई आणि मी. उन्हाने टीव्हीवर झाकलेला टॉवेल तापला होता. आता साहेबांना काय दाखवायचं, यावर आमची कुजबुज चालू असताना गुरुजी म्हणाले, बाजाराकडून कसलाच आवाज येत नाही. मी रस्त्यावर जाऊन बघितलं. अप्पांचं दुकान बंद होतं. त्याच्या शेजारचं कापडाचं बंद. पलीकडचं भांड्यांचं, औताचं सामान विकणाऱ्याचं, पंक्चरवाल्याचं बंद. माझ्या डोळ्यांदेखत हॉटेलवाल्याने भट्टीवर पाणी मारलं आणि शटर ओढलं.

आमच्या बाजारपेठेची एक रीत आहे. अध्यक्षाचं शटर खाली दिसलं की आधी आपलं शटर खाली घ्यायचं, मग विचारायचं कोण गेलं. आधी विचारणं बरं दिसत नाही. दुकानाच्या लोभाने चौकशी करतोय असं वाटतं. आणि एकदा शटर खाली घेतलं की पुन्हा लगेच वर करणंही बरं दिसत नाही.

मी अप्पांच्या घरी गेले. अप्पा ओसरीत एकटे बसले होते. आत चूल गार होती, आणि काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"तुझ्या काकूनं सकाळपासून चूल पेटवली न्हाई," अप्पा मला जवळ बोलावून म्हणाले. "आमच्यात सुतक बितक पाळत न्हाईत, हे तिला मी सांगितलं. ती म्हनली, मी पाळून न्हाई राहिले, हात उचलंना गेला. आता डबा न्हाई, तर दुकानात बसून लोकांना काय सांगू? टीव्हीतलं पोरगं मेलं म्हणून उपाशी हाय म्हणू? बंद करून टाकलं दुकान."

"अप्पा, सगळा बाजार बंद झालाय."

"काहून? कोण गेलं?" अप्पा घाबरून उभे राहिले.

मी मंडपात येऊन हे सांगितलं तेव्हा माजी सरपंच आधी हसले, मग हसता हसता थांबले आणि म्हणाले, ही तर पांडुरंगाचीच कृपा. कुणी काही बोलायचं न्हाई. कमिटीतले दोघे-तिघे सायकली घेऊन सुटले आणि उरलेली चार दुकानंही बंद करून आले. या चार दुकानांना मात्र त्यांनी कारण जिल्ह्याचं सांगितलं.

साहेबांची जीप दुपारी आली. साहेब वयाने बाबांएवढेच, घामाने भिजलेले, चेहऱ्यावर चहा न मिळालेल्या माणसाची चिडचिड. पण बोलायला लागले तेव्हा आवाजात आदर होता. म्हणाले, गावात शिरल्यापासून एक दुकान उघडं दिसलं नाही, पानटपरी नाही, दवाखाना सोडून काही नाही, आणि कुठे पोलीस नाही, कुठे टायर जळत नाही. त्यांनी खुर्ची बाबांजवळ ओढली.

"गर्दी कुणीही आणतो. गर्दीच्या फोटोंनी माझं कपाट भरलंय. पण असा बंद लोकांच्या मनात असल्याशिवाय होत नाही. मी हे लिहिणार आहे."

गुरुजी बाबांच्या पायाशी बसून एकदम त्यांचे पाय दाबायला लागले. गुरुजींनी कुणाचे पाय दाबलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते. ते दाबत नव्हते, चिमटे काढत होते. बाबांच्या सगळ्या तरुणपणाची पत्रकं, तो नकाशा, रेणापूर, कंधार, न उत्तर देणारं नायगाव, सगळं त्या खुर्चीवर येऊन बसलं होतं. त्यांनी फक्त डोळे मिटून पडून राहायचं होतं. ते उपाशी होते, तेवढं कुणीही माफ केलं असतं.

बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. मग उघडले.

"साहेब, बंद जिल्ह्यासाठी नाही."

"मग?"

"एक मूल गेलं काल. मालिकेतलं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टर येऊन गेले का ते विचारलं. बाबा म्हणाले, मी शुद्धीवर आहे, आणि मग सगळं सांगितलं: शाप, विहीर, काकूंची चूल, अप्पांचं शटर. मध्येच धाप लागली की थांबायचे, मग पुन्हा सांगायचे. साहेब जीपकडे वळले. ड्रायव्हर दाराला टेकून उभा होता. काय रे, हे म्हणतात ते खरं आहे का, असं त्यांनी विचारलं.

"हाव साहेब," ड्रायव्हर म्हणाला. त्याचे डोळे लाल होते, ते उन्हाने झाले असतील असं मला वाटलं होतं. "काल संध्याकाळीच गेलं. तुम्ही रेस्ट हाऊसवर झोपले व्हते, म्हणून सांगितलं न्हाई."

साहेब खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी विचारलं, जिल्ह्यासाठी कोण आहे?

बाबा कोपरावर उठले आणि मंडपभर बघितलं. "आम्ही एवढेच."

"गप्प बसला असतात तर चाललं असतं तुम्हाला."

"माझा छापखाना आहे, साहेब. चुकीचं छापून गेलं की मला झोप लागत नाही."

साहेब उठले. बाबांना नमस्कार केला, मनापासून केला, आणि जीप निघून गेली. अहवालात त्यांनी काय लिहिलं असेल ते विचारायला आम्ही पुढे गेलो नाही. आमचं गाव आजही टोकालाच आहे. जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर माजी सरपंच म्हणाले, "एका बोलण्यात जिल्हा घालवलात, भाऊ." चपला घालून ते घरी गेले. कमिटीही हळूहळू गेली. बाबा पडून होते. उपोषण कशासाठी चालू ठेवायचं आणि कशासाठी सोडायचं, दोन्ही कळत नव्हतं. शिफारस होणार नव्हती, आणि शिफारशीशिवाय उठणार नाही, असं ते सगळ्यांसमोर बोलले होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी त्या वेळी खरी घाबरले. माझा बाप न बदललेल्या नकाशासारखा तिथेच पडून राहील, असं वाटलं मला.

ऊन कललं तेव्हा बाजाराकडून बायका येताना दिसल्या. पुढे काकू, हातात फडक्याने झाकलेली परात. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पहिलं जेवण शेजारपाजारचे घेऊन जातात आणि समोर बसून खायला लावतात. त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. या मयताला घर नव्हतं, त्यामुळे कडू घास कुठे न्यायचा, यावर बायकांची दुपार गेली होती. निष्कर्ष त्यांच्या मते सरळ होता. पोर मंडपात गेलं, म्हणजे दुखवट्याचं घर मंडप. आणि घरात पडून असलेला माणूस एकच.

काकूंनी परात बाबांसमोर ठेवली. पिठलं, ज्वारीच्या भाकरी, फोडलेला कांदा.

बाबा म्हणाले, "वैनी, मी उपोषणाला बसलोय."

"कुणी गेलं की उपोषण राहत न्हाई, भाऊजी. आधी घास घ्या, मग काय बसायचं ते बसा."

"माझं कुणी गेलं नाही."

काकू खाली बसल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. "मघाशी जीप गेली ती मी गच्चीवरून बघितली," त्या म्हणाल्या. "गेलंय की तुमचं."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग आईकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, ते काही तरी म्हणतील, त्यांच्याजवळ नेहमी एखादं वाक्य तयार असायचं. पण त्यांनी हात पुढे केला. आईने तांब्यातलं पाणी हातावर घातलं, अगदी थोडं, आणि तेही खाली वाटी धरून मातीत जाऊ दिलं नाही. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. घास घशाखाली उतरेपर्यंत सगळ्या बायका बघत होत्या. मग बाबा खायलाच लागले. मोठे मोठे घास घेत होते, दुखवट्यात घेऊ नयेत तसे, आणि घास चावताना त्यांचे डोळे गळत होते. काकूंनी दुसरी भाकरी मोडून त्यांच्यासमोर टाकली आणि म्हणाल्या, सावकाश.